प्रौढ वयातील सायकल-शिक्षण



आपल्यापैकी अनेक माता-भगिनींच्या बालपणी घरातील सायकल भावाच्याच वाट्याला आली. येथे ब्रिटनमध्ये मात्र अनेक नगर परिषदा प्रौढांनाही सायकल शिकवितात. आरंभी पेडल काढून, सीट खाली घेऊन, पायांनी जमीन रेटीत तोल साधावयाचा; पेडल त्यानंतर. मग मागे वळून पाहणे, हाताने इशारा करणे. परंतु खरा धडा रस्त्यावरील जागेचा आहे. भीतीपोटी कडेला चिकटून चालणारी व्यक्ती मोटारचालकास सहज दिसत नाही. २०२२ मध्ये सुधारलेला हायवे कोड सांगतो, शांत रस्त्यावर व चौकाजवळ येताना मार्गिकेच्या मध्यातून जावे. वेगवान वर्दळीत कडेपासून किमान ५० सेंटीमीटर दूर राहावे. रस्त्यावर आपलाही हक्क आहे. वयाच्या संकोचाने तो सोडून देऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे.