धार आणि पाणी

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराची खूण पुष्कळदा स्वयंपाकघरातील विळीवरून पटते. गाव बदलते, बाजारात भाज्यांची नावे बदलतात. विळी मात्र सासूकडून सुनेकडे येते. तिची धार तेवढी वारशाने येत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने लावावी लागते.

पाते बोथट झाले म्हणजे पोलाद संपले असे नव्हे. वापराने कडेचा अतिसूक्ष्म भाग वाकतो, झिजून गोलसर होतो. कठीण वस्तूवर आपटल्यास त्याला खांडे पडतात. ओले राहिले की गंज चढतो. वरवरचा गंज चिंचेच्या कोळाने निघतो आणि खाली मूळ धातू शाबूत आढळतो. बोथट सुरी निरुपद्रवी वाटते, पण तिला जोर अधिक लावावा लागतो, ती निसटते आणि बोट कापते.

धार लावण्याचा दगड, म्हणजे निसणा, भिजवून स्थिर ठेवावा. साध्या सुरीचे पाते त्यावर सुमारे 15 ते 20 अंशांच्या कोनात टेकवावे आणि तो कोन न ढळू देता टोकापर्यंत सरकवावे. येथे बळापेक्षा सातत्याला मोल आहे. एक बाजू घासली की दुसऱ्या बाजूस धातूची बारीक कड उमटते. ती पूर्ण लांबीभर जाणवली की बाजू बदलावी. पुढे गुळगुळीत दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. ती कड निघून गेली की धार उजळते.

घाई करणारा कोरड्या, वेगवान चाकावर पाते धरतो. ठिणग्या उडतात, पाते तापून निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. अशी धार दिसते, टिकत नाही.

धार देणाऱ्या दगडांत कुरुंदाला मान आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नाव तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेले. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत कुरुंद 9 वर आणि हिरा 10 वर आहे. हिऱ्याच्या कणांनी मढवलेल्या पट्ट्या आज कठीणातील कठीण पोलादाला धार देतात. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने हिऱ्याचा हा गुणही ध्यानी घ्यावा: तो केवळ चमकत नाही, दुसऱ्याला धार देतो.

परप्रांतातील मराठीची अवस्था फडताळात पडून राहिलेल्या पात्यासारखी आहे. मुलाला मराठी समजते, पण उत्तर दुसऱ्या भाषेत येते. आजीचे पत्र त्याला वाचता येत नाही. पोलाद आहे, कड गोल झाली आहे. शाळा धार लावील; ती राखणे घराच्या हाती आहे. परीक्षेच्या तोंडावर रागावून केलेली घासाघीस पाणी उतरवते. रोज रात्री मोठ्याने वाचलेले एक पान, न चुकता, पुरेसे होते.