लांब केसांची पाहुणी

आखाडा बाळापूरला आमचे घर. घरात मांजर असणे काही नवे नाही. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे मनी, हे चालतच आले आहे. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने बदलीच्या वेळी तिची पर्शियन मांजर आमच्याकडे आणून सोडली, तेव्हा घरात खरी पाहुणी आली. चपटे नाक, वाटोळे डोळे आणि पिंजलेल्या कापसासारखे केस. शेजारच्या आजींनी विचारले, "हिला एवढी थंडी वाजती का गं?"

ही मांजरे मूळची इराणकडची मानली जातात. १६२०च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने खोरासान प्रांतातल्या लांब केसांच्या मांजरांविषयी लिहून ठेवले. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मांजरांच्या प्रदर्शनातही ती होती. आजचे अगदी चपटे नाक मात्र माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेले. त्याची किंमत मांजर मोजते, हे आम्हाला एप्रिलमधल्या एका दुपारी कळले.

वीज गेलेली, वर पत्र्याचे छत. राणी तोंड उघडून धापा टाकू लागली. कुत्रा असे करतो, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. पशुवैद्यांना फोन केला, तर ते ओरडलेच, "मांजर धापा टाकते म्हणजे जिवावर आले!" मग तिला फरशीवर घेतले, पंजे आणि पोट साध्या पाण्याने भिजवले, पंख्याऐवजी पुठ्ठ्याने वारा घातला आणि तसेच दवाखान्यात नेले. राणी वाचली.

तेव्हापासूनचे आमचे नियम सांगते. रोज केस विंचरायचे. गाठी झाल्या की खालची कातडी दुखावते. पाणावणारे डोळे ओल्या कापसाने पुसायचे. दुपारी तिला सावलीच्या, गार खोलीत ठेवायचे. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीच द्यायची नाही. मांजरासाठी ती विषच.

पिल्लू घेणार असाल तर आणखी एक. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी तो पुरतो. म्हणून दोघांची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा.

पिल्लाचे रूप पाहून मन भुलते. पण पैसे देण्याआधी एकदा आपल्या घराचे छत पाहा, आणि रोज अर्धा तास कोण देणार तेही ठरवा. आमची मनी कडुलिंबाखाली स्वतःची सावली शोधते. राणीसाठी ती आम्हालाच शोधावी लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)