परवाना खुला, पण भाडे कोणाच्या हाती?

मुळशी तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी आहे, पश्चिमेस ताम्हिणी घाट. हिंजवडीत मोबाइलवर बोट ठेवले की मोटार दाराशी येते. पौडच्या पलीकडे एस.टी. चुकलेला शेतकरी वडापची वाट पाहत उभा राहतो. मोकळ्या बाजाराचे गाडे जिथे पैसा आहे तिकडेच वळते.

पुण्यासारख्या शहरांत रिक्षांच्या नव्या परवान्यांवर १९९७ मध्ये आलेली बंदी २०१७ मध्ये उठली. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्या बंदीने परवाना ही मिळकत बनवली; परवानाधारक घरी बसे आणि चालक त्याला रोजचे भाडे मोजी. ही समाजवादी व्यवस्था खासच नव्हती!

परंतु परवाने खुले करताना शासनाने चालकाच्या मिळकतीचा विचार केला नाही. गाड्या वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याच्या फेऱ्या घटतात, कर्जाचा हप्ता मात्र घटत नाही. रिक्षाचे मीटरभाडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. ॲपवरच्या कंपन्यांना मात्र गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपट आकारण्याची मुभा केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली. २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. म्हणजे नियंत्रण संपले नाही, ते दुबळ्यापुरते उरले.

तेव्हा मागणी जुन्या बंदीची नसावी. पौडपलीकडे एस.टी.च्या फेऱ्या वाढवाव्यात, वडापला ठरावीक भाड्याचा रीतसर परवाना मिळावा आणि कंपनीचे भाडेही मीटरप्रमाणेच प्राधिकरणाने ठरवावे. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मुळशीच्या कार्यकर्त्यांनी पहिले निवेदन त्यांच्याकडे न्यावे.