बॅटरीची पेटी कोण उघडणार?



आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा अकोला होता; वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. तेव्हा 'पुढे काय?' या प्रश्नाला दोनच उत्तरं असायची : मुलांना आयटीआय, मुलींना डी.एड. मी इंजिनिअरिंगला गेले, कारण सरांनी घरी येऊन बाबांना समजावलं.

आज मी पुण्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. नाव मोठं, पण त्यातलं विज्ञान आपल्याच वर्गातलं आहे. सरांनी फळ्यावर काढलेली एकसर जोडणी आठवते ना? तीच. लिथियमच्या एका सेलचं व्होल्टेज तीन-साडेतीनच्या आसपास असतं. असे पंधरा सेल एकसर जोडले की ४८ व्होल्टची बॅटरी तयार. माझं सॉफ्टवेअर सेलचं व्होल्टेज आणि तापमान मोजतं. काही बिघडलं की बॅटरी बंद करतं. पण सॉफ्टवेअरला हात नसतात. पुढे पेटी उघडायला माणूस लागतो.

तो माणूस आपल्याकडे सहज सापडत नाही. माझ्या काकांची स्कूटर दोन महिने अंगणात उभी होती. दोष एका जोडणीचा होता, पण पेटी उघडणारं गावात कुणी नव्हतं. आणि हे काम बघून बघून शिकण्याचं नाही. २०२२ मध्ये देशात कितीतरी ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. चुकीच्या जागी पाना टेकला तर ठिणगी पडते, हात भाजतो. त्यामुळे रीतसर प्रशिक्षण हवंच.

ते आता आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आला आहे. सौर यंत्रणेसाठी 'सोलर टेक्निशियन' आहे. राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. माझ्या मते हा धंदा मुलींसाठी खास आहे, कारण तो नवा आहे. इथे कुणाचेही आजोबा उस्ताद नव्हते. सगळे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करणार. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात दीड हजारांवर महिला मिळून गाड्या जोडतात. म्हणजे पाना कोणत्या हातात आहे, हे गाडीला कळत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या नात्यातल्या एका मुलीला हा ट्रेड घ्यायचा होता. घरचे म्हणाले, "पाना धरणाऱ्या पोरीला स्थळ कोण देणार? आणि संध्याकाळची एसटी चुकली तर?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे : कमावती पोरगी स्वतःचं बघून घेते. दुसऱ्याला मात्र एकटीकडे उत्तर नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरची किंवा रिसोडच्या खेड्यातली मुलगी रोज ये-जा कशी करणार, हा बॅटरीपेक्षा अवघड प्रश्न आहे.

म्हणून तीन मागण्या. गुरुजनहो, दहावीच्या मुलींना या ट्रेडची माहिती प्रवेश सुरू होण्याआधी द्या, आईवडिलांनाही बोलवा. ज्यांची दुकानं, गॅरेज किंवा इन्व्हर्टरचा धंदा आहे, त्यांनी एक तरी मुलगी शिकाऊ म्हणून घ्या आणि तिला झाडू नको, मीटर द्या. ज्यांची शहरात घरं रिकामी आहेत, त्यांनी चार मुलींच्या राहण्याचं बघा.

माझा वाटा सांगते. या कामाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. एकसर जोडणी कळलेली मुलगी 'सिरीज' शब्दाला घाबरते. म्हणून बॅटरी सुरक्षितपणे हाताळण्याची छोटी मराठी पुस्तिका मी लिहायला घेतली आहे, दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवून. दिवाळीपर्यंत पहिला भाग शाळेत पोचेल. सर, तपासायला मात्र तुम्हीच लागाल, लाल पेनासकट.