सरवा : वाकून करावयाचे दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चारही दानांची परंपरा यथाशक्ती जोपासली आहे. आज आहारदानाच्या एका जुन्या मार्गाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. तो मार्ग म्हणजे सरवा.

पीक काढून झाल्यावर रानात जी कणसे, लोंब्या, शेंगा मागे राहतात, त्यांस आपण सरवा म्हणतो. संस्कृतात यालाच उंछ असा शब्द आहे. महाभारतात उंछवृत्तीने जगणाऱ्या एका ब्राह्मणाची कथा आहे. त्याने स्वतः उपाशी राहून अतिथीला दिलेल्या मूठभर सातूच्या पिठापुढे युधिष्ठिराचा अश्वमेधही उणा ठरला. आपल्या मुनिराजांच्या आहारचर्येला भ्रामरी वृत्ती म्हणतात. भ्रमर फुलाला न दुखवता रस घेतो. सरव्याचे मर्मही हेच आहे.

अमेरिकेत फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ गरिबांच्या एका भोजनगृहात स्वयंसेवक होते. झाडांवर तशीच राहून गेलेली फळे ते गोळा करून आणीत. भोजनगृहाला पुरून उरेल इतके अन्न जमू लागले, तेव्हा १९६७ साली त्यांनी ते साठवून गरजू संस्थांना पुरविणारे केंद्र उघडले. जगातील पहिली अन्नपेढी म्हणून ते ओळखले जाते. पेढी हा शब्द आपणां व्यापाऱ्यांच्या घरचाच; परंतु या पेढीचे भांडवल रानात राहून गेलेला माल होता.

आपल्याकडेही असा माल थोडा नाही. बाजारात टोमॅटोचा किंवा कोबीचा भाव कोसळला, की तोडणीची मजुरी आणि वाहतूकही सुटत नाही. शेतकरी कष्टी मनाने उभ्या पिकात नांगर घालतो. माझा व्यवसाय कापडाचा. ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडाही आम्ही टाकत नाही. त्यामुळे हे दृश्य माझ्याने पाहवत नाही.

तथापि एक अनुभव प्रांजळपणे सांगितला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी बोर्डिंगमधील विद्यार्थ्यांना घेऊन मी एका परिचित शेतकऱ्याच्या रानात भुईमुगाचा सरवा वेचावयास गेलो होतो. त्याची परवानगी घेतली होती. दुपारपर्यंत दोन पोती शेंगा जमल्या. मुले हरखून गेली, मीही गेलो. बांधावर एक म्हातारी रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘शेटजी, तुमी समदं न्हेलासा, आता आमी काय येचायचं?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन्ही पोती तिच्या व तिच्या सोबतिणींच्या स्वाधीन करून आम्ही परतलो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना, दुसऱ्याची ठेवलेली, विसरलेली, इतकेच नव्हे तर पडलेली वस्तूही दिल्यावाचून घेऊ नये, असे बजावले आहे. शेतकऱ्याने आम्हांस दिले होते, हे खरे. पण रूढीने ते आधीच त्या म्हातारीचे झाले होते. तिला विचारावयाचे राहून गेले होते.

म्हणून तीन नियम सुचवितो. पहिला, मालकाच्या अनुमतीवाचून रानात पाऊल ठेवू नये. दुसरा, धान्य आणि शेंगा यांच्या सरव्याला आपण हात लावू नये. तो मजूर बायाबापड्यांचा हक्क आहे. तिसरा, आपण केवळ नासून जाणारा भाजीपाला व फळे घ्यावीत, आणि तीही शेजारच्या वस्तीवरील माणसांनी हवी तेवढी नेल्यानंतर. एक कुटुंब पिशवीभर टोमॅटो नेईल; क्विंटलभर माल त्याच दिवशी वृद्धाश्रमात, वसतिगृहात पोहोचविण्यास क्रेट आणि टेम्पो लागतो. तो आपल्यापाशी आहे. निवडताना सूक्ष्म जीवांविषयी यत्नाचार पाळावा आणि सूर्यास्तापूर्वी काम आटोपावे.

कोणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? पैसे देतो, भाजी विकत आणा.’ पैसे अवश्य द्यावेत. परंतु पैसे गल्ल्यातून निघतात, त्यासाठी कंबर वाकवावी लागत नाही. आपल्याच पूजा-महोत्सवांच्या आणि लग्नांच्या पंक्तींत किती अन्न पानात टाकले जाते, हे आपण सारे जाणतो. ज्या मुलाने एक सकाळ उन्हात वाकून कोबीचे गड्डे काढले, तो पानात घास टाकणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आपल्या समाजात शेतकरी आहेत, व्यापारीही आहेत. शेतकरी बंधूंनी नांगर घालण्यापूर्वी ट्रस्टच्या कार्यालयात एक निरोप द्यावा. व्यापारी बंधूंनी वर्षातून दहा सकाळी द्याव्यात. आज कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे. वय पाहून खोडू नये, ही विनंती.

बोलण्यात काही न्यून राहिले असल्यास अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.