संगणकाची नोकरी आणि मनाचा शीण



हिंजवडीस संगणकाच्या नोकरीत असलेला मुलगा सणाला हट्ट्यास येऊनही मध्यरात्रीपर्यंत कामात बुडालेला असतो, हे आपण कौतुकाने सांगतो. हळद शिजविण्याचे कष्ट का थोडे असतात? पण ते हंगामापुरते! या शिणास, ‘बर्नआउट’ला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोग न म्हणता कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. शक्ती ओसरते, कामाचा वीट येतो. त्यास आळस समजू नये. आठवड्यास ५५ वा अधिक तास राबणाऱ्यास पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्याहून सुमारे ३५ टक्के अधिक, असे तिच्या २०२१ च्या पाहणीत दिसले. मुलगा ‘नोकरी सोडतो’ म्हणाला, तर ‘लग्न कसे जमेल?’ याआधी ‘झोप लागते काय?’ हे विचारावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो.