पपईचा चीक आणि अंगावर काढलेले दुखणे

आपल्या पुसेगावच्या बाजूला परसात पपईचे झाड काही नवलाचे नाही. मटण शिजत नसेल, तर जाणती बाई कच्च्या पपईची फोड त्यात टाकते. ही करामत चिकातल्या ‘पपेन’ या विकराची. प्रथिनांच्या साखळ्या तोडणे हेच त्याचे काम. अननसातले ब्रोमेलेन त्याचेच भावंड.

आता कुणी विचारील, ‘सर, जे मटण मऊ करतं, ते बाईच्या पिशवीच्या तोंडाची सूज का नाही उतरवणार?’ प्रश्न वेडगळ नाही. भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी काढणारे, अननसाच्या विकरांचे एक औषध युरोपात 2012 साली मान्य झाले. पण ते इस्पितळात, वेळ मोजून लावतात. उलट, कातडीवर लावायच्या पपेनच्या विनापरवाना औषधांनी गंभीर ॲलर्जी झाली, म्हणून अमेरिकेच्या सरकारने 2008 मध्ये त्यांची विक्री थांबवायला लावली. तेव्हा घरचा चीक नाजूक जागी लावणे म्हणजे आगीशी खेळच! आणि पोटात घेतले, तर विकर हेही प्रथिनच. त्यातले बरेचसे जठरातच पचून जाते. पपई खुशाल खावी. मात्र गर्भाशयमुखाचा दाह तिने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

हा दाह पुष्कळदा लागणीने होतो. त्यावर नेमकी औषधे आहेत; मात्र नवऱ्यानेही ती घ्यायला हवीत, नाहीतर लागण परत येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पॅपिलोमा नावाचा विषाणू तिथे वर्षानुवर्षे गुपचूप राहिला, तर पेशी बदलतात आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. तो ना दुखतो, ना खुपतो.

यावरचा मोठा प्रयोग आपल्याच मराठवाड्यात झाला. 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना त्यात घेतले. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. निष्कर्ष 2009 साली आला: विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाने 34 स्त्रिया गेल्या, नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात 64. मुंबईच्या वस्त्यांत तर दर दोन वर्षांनी शिरक्यातले आम्ल लावून नुसते डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीनेही मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ती तपासणी दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी केली.

म्हणजे बघा, स्वयंपाकघरातला शिरकाही कामी आला. पण तो औषध म्हणून नव्हे, दिवा म्हणून! बदललेली जागा त्याने पांढरी दिसते, आणि वेळीच सापडली तर गोठवून किंवा शेक देऊन ती नष्ट करता येते.

तेव्हा अंगावरून पांढरे जात असेल, मध्येच रक्त दिसत असेल, तर घरातल्या बाईला ‘होईल बरं’ म्हणून थांबवू नका. तिशी ओलांडली असेल, तर काही त्रास नसतानाही तपासणीला न्या. मुलींसाठी या विषाणूची लसही आहे; पुण्यात तयार झालेली लस 2023 साली बाजारात आली. चिकाच्या भरवशावर गेलेली वर्षे मात्र कोणतेही औषध परत आणीत नाही.